बाहेरच्या खोलीतली खाडी

३ फेब्रुवारी

काल बाबांना घेऊन आलो. आणलं म्हणण्यापेक्षा उचललं म्हणायला हवं. डिसेंबरात ते घरात पाय घसरून पडले आणि सकाळपासून दुपारपर्यंत तसेच पडून राहिले, हे मला महिन्याने, तेही शेजाऱ्यांकडून कळलं. चाळीस वर्षं या माणसाने खाडीवर लाँच चालवली, या काठची माणसं त्या काठाला पोचवली. मग पूल झाला, लाँच बंद पडली, आई गेली, आणि हे एकटे त्या घरात. मी म्हटलं, चला माझ्याकडे. बाबा म्हणाले, "तीन महिने. तीन मेला मला परत गाडीत बसवायचं. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही."

बॅग पलंगाखाली ठेवली आहे. उघडलेलीसुद्धा नाही. त्यांच्यासाठी मी जीव ओतून केलेली कवळी पाण्याच्या पेल्यात पडून आहे. "पाहुण्याला कशाला हवेत दात?" म्हणाले. वीस वर्षं मी दंतवैद्यांना कवळ्या करून देतोय, अर्धं गाव माझ्या दातांनी चावतं, आणि घरचा माणूस भात कालवून गिळतो.

निघताना किनाऱ्यावरून खारफुटीतल्या कांदळाच्या पाच शेंगा उचलल्या आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या. या झाडाची गंमत अशी, की मोड झाडावरच येतो आणि वीतभर लांब शेंग तयार होऊनच खाली पडते. आपला मासे मेलेला फिशटँक रिकामाच आहे. त्यात ही झाडं लावायची. समोर खाडी दिसली की बाबांचं मन लागेल आणि तीन मे मागे पडेल. हे कोणाला सांगितलेलं नाही, फक्त इथे लिहितो.

६ फेब्रुवारी

लागवड झाली. कुंडीतली माती आणि बारीक वाळू, चाळणीने चाळून. कवळीच्या आकड्यांची तार वाकवून प्रत्येक शेंगेला तिपाई केली. पाचही शेंगा ओळंब्यात उभ्या आहेत. माशांच्या दुकानवाल्याकडून समुद्राचं मीठ आणलं आणि लिटरला पस्तीस ग्रॅम, आमच्या काट्यावर तोलून घातलं. पाणी काठाखाली बरोबर दोन बोटं, तिथे मेणाच्या पेन्सिलीने रेघ मारली आहे. या रेघेच्या खाली-वर पाणी होऊ द्यायचं नाही, असं हिला बजावलं.

ही म्हणाली, "मी कशाला हात लावू? मला काय वेड लागलंय?"

हे कोणाला उद्देशून होतं ते कळलं नाही.

९ फेब्रुवारी

बाबा प्रथमच टँकपाशी आले. बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा समुद्र झाला. खाडीत निम्मं पाणी नदीचं असतं. तहानेने मरतील बिचारी."

मी म्हटलं, "बाबा, मी मोजून घातलंय."

"मग झालं," म्हणाले, "मी आपला पाहुणा," आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. दिवसात पाहुणा हा शब्द निदान चार वेळा येतो. डोकं फिरतं माझं.

१५ फेब्रुवारी

खूप विचार करून मीठ निम्म्यावर आणलं. स्वतःचा निर्णय.

२६ फेब्रुवारी

दोन शेंगा गेल्या. बुडाशी काळ्या आणि मऊ पडल्या होत्या, बोट लावलं तर साल हातात आली. टँकला सडक्या अंड्यांचा वास येतोय. ही नाकाला पदर लावून स्वयंपाक करते. मी रोज मोजमाप घेतोय, तापमान लिहितोय, मग चुकतंय कुठे?

बाबा लांबून बघत म्हणाले, "पाणी मेलंय."

"पाणी कसं मरेल, बाबा?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. लाँचवर असताना दोन माणसं जास्त चढली की असेच गप्प बसायचे, ती आपणहून उतरेपर्यंत.

तीन शेंगा उरल्यात आणि दोन महिने. आज कामात लक्ष नव्हतं, एका बाईंच्या कवळीला पुढचे पटाशीचे दात चाराऐवजी पाच बसवले.

२ मार्च

वास गेला! मी रोज सकाळी खिडकी पूर्ण उघडतो, त्याचा परिणाम. साध्या गोष्टी असतात, पण सुचाव्या लागतात.

एक चिंता आहे. बाबांच्या घड्याळाचा गजर आज रविवारी सकाळी सात दहाला वाजला. सात दहाला कोण उठतं? ते तर पाचपासून जागे असतात.

४ मार्च

गजर काल आठला वाजला आणि आज आठ पन्नासला, मी चपला घालत असताना. घड्याळ बिघडलंय. की बाबांचंच काही... हे लिहायलाही नको वाटतं. हिला म्हटलं, जरा लक्ष ठेव. ती म्हणाली, "ठेवलंय की," आणि हसली. सासऱ्याच्या डोक्याची काळजी आणि ही हसते!

७ मार्च

टँक गळतोय. रोज संध्याकाळी सहाला, घरी आल्याबरोबर मोजतो. सोमवारी पाणी रेघेच्या एक बोट खाली होतं, मंगळवारी दोन, बुधवारी तीन, काल साडेतीन आणि आज चार. आणि खाली फरशी कोरडी! मी गुडघ्यावर बसून हात फिरवला, ओल नाही. एवढं पाणी जातं कुठे? बाबांना विचारलं तर म्हणाले, "उन्हाळा आहे. उडत असेल." बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या आणि सदऱ्यावर पुढे ओलं. म्हटलं, सदरा भिजला कसा? म्हणाले, "तोंड धुतलं." चारदा तोंड धुतात हल्ली.

८ मार्च, शनिवार

अर्धा दिवस रजा टाकली आणि गळतीचा निकाल लावला. बाजारातल्या लुकणावर माझा विश्वास नाही. कारखान्यातलं ॲक्रिलिक आणलं, कवळीच्या हिरड्यांना वापरतो ते, आणि टँकच्या चारही कोपऱ्यांना बाहेरून भरलं. तीन वाजता बसलो ते सात वाजले, घासून पॉलिशसुद्धा केलं. आमच्याकडे एकच रंग होता, गुलाबी. ही म्हणाली, "टँकला हिरड्या आल्या. आता दात कधी बसवणार?"

बाबांनी मात्र फार त्रास दिला. दर दहा मिनिटांनी यायचे. "झालं का? किती वेळ? उठ, जरा चहा घे. जा, फिरून ये." घड्याळ हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, "चार तास तसंच तुंबवून ठेवलंस," आणि पाय आपटत गेले. काय तुंबवलं?

१३ मार्च

विलक्षण. हिरड्यांनी काम केलं. सोमवारी पाणी तीन बोटं कमी होतं, मंगळवारी दोन, काल एक, आणि आज जवळजवळ रेघेला टेकलं आहे.

आता बसल्या बसल्या एक शंका आली. गळती थांबली हे ठीक, पण गेलेलं पाणी परत कसं आलं?

माशांच्या दुकानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, घरी आणखी कोणकोण असतं?" लोकांना नसत्या चौकशा.

१६ मार्च

आज रविवार म्हणून हिच्यावर उपकार करावेत असं मनात आलं. गॅलरीत झाकण घातलेल्या दोन बादल्या भरून ठेवलेल्या असतात, त्यातली एक तिच्या मिरचीच्या कुंडीत ओतली.

बाबा आंघोळीहून आले, रिकामी बादली बघितली आणि मटकन बसले. "अरे, ते..." एवढंच म्हणाले. ही धावत आली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एका बादलीसाठी एवढं?

१९ मार्च

मिरची गेली. पानं पिवळी पडून गळली. हिला म्हटलं, कीड असणार. ती "हो, फार मोठी कीड आहे," म्हणाली आणि माझ्याकडे बघत चहा प्यायली.

२२ मार्च

बाबांचं घड्याळ दुरुस्तीला दिलं. गजर आता रोज कधीही वाजतो. न विचारताच नेलं, नाहीतर दिलं नसतं.

२५ मार्च

तीन दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण. बाबा खिडकीशी उभे राहून आकाश बघतात, बोटांवर काहीतरी मोजतात आणि पुटपुटतात, "पाऊण तास... आणि वर चिमूटभर." डॉक्टरांची वेळ घ्यावी का?

हिने आपला कुकरचा टायमर त्यांना देऊन टाकला. खेळायला देतात तसा. मला भरूनच आलं.

२७ मार्च

घड्याळवाला म्हणतो, घड्याळात काही दोष नाही. "कोणीतरी रोज गजर पन्नास मिनिटं पुढे सरकवतंय, साहेब. तुमच्या घरात शिफ्टवर कोण जातं?" मी म्हटलं, कोणी नाही. घड्याळ बाबांना दिलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं, कानाला लावलं आणि माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

१० एप्रिल

आज बाबांनी स्वतःहून विषय काढला. "तीन मेचं तिकीट काढलंस का? नंतर गर्दी होते."

मला राग आला. सव्वादोन महिने! गादी बदलली, टीव्ही त्यांच्या खोलीत नेला, पंखा नवा घेतला. घरात खाडी आणली, आणि माणूस तिकीट मागतो. मी तसाच उठलो, गेलो आणि तिकीट काढून आणलं. त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बरं झालं." मी म्हटलं, "खिडकीकडची जागा आहे."

ही नंतर म्हणाली, "तुम्ही त्यांना 'राहा' असं म्हणालात का कधी?"

"अगं, एवढं सगळं केलं, ते काय होतं मग?"

"म्हणालात का, ते विचारतेय."

मी दिवा घालवून पडलो. असं तोंडावर म्हणता येतं का? आमच्या घरात कोणी कोणाला असं कधी म्हणालं आहे?

१५ एप्रिल

पान! मधल्या शेंगेच्या टोकाला कोंब फुटला होता, तो आज सकाळी उलगडला. दोन पानं, नखाएवढी, मेण घासल्यासारखी चकचकीत. आणि बुडाशी काचेतून पांढरी मुळं दिसतात. मी ओरडलोच. ही पोळपाट टाकून आली. बाबा आले, वाकले, चष्मा वर केला, खाली केला. मग काचेवर हलकेच टिचकी मारून म्हणाले, "जगलं लेकाचं."

पाणी, मीठ, उजेड, सगळ्याचं मोजमाप चोख ठेवलं, त्याचं फळ. तेवढं श्रेय मी घेतो.

१७ एप्रिल

बाबा आज पहिल्यांदा एकटेच बाहेर पडले. "पाय मोकळे करतो," म्हणाले. दोन तास झाले तरी पत्ता नाही, ही फोन करून करून दमली. आले ते एक लाल प्लास्टिकचा मग घेऊन. "घरातला मग लहान पडतो," म्हणाले. कशाला लहान पडतो कोण जाणे. पण चेहरा खुलला होता. जायचे दिवस जवळ आले म्हणून असेल. वाईट वाटलं.

२९ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

जेवणानंतर कणकण वाटली म्हणून कारखान्यातून निघालो. अडीचला घरी पोचलो. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकलणार, तेवढ्यात आतून आवाज आला, बाबांचा, पण हल्लीचा नाही. लाँचवरचा.

"चला, चला, पुढे सरका. एका बाजूला गर्दी नको. ए पानवाले, धरून बस. पाणी चढतंय."

मी फटीतून बघितलं. बाबा स्टुलावर बसले होते. बाह्या वर, शेजारी गॅलरीतल्या त्या बादल्या, हातात लाल मग. एक मग पाणी घेऊन टँकच्या कडेने असं सोडत होते, की मातीचा कणही हलू नये. मग घड्याळ बघायचं, थांबायचं, पुन्हा एक मग. भिंतीवर कॅलेंडरच्या मागे एक कागद टाचलेला होता, तो बाहेर काढून त्यावर टिंब केलं आणि परत मागे सारला.

भरती-ओहोटी! रोज पन्नास मिनिटं पुढे सरकते ती. पाऊण तास आणि वर चिमूटभर. मी खाडीकाठी वाढलेला, भरतीची वेळ चुकली म्हणून शाळा चुकलेला मुलगा. आणि माझ्याच घरात रोज पाणी चढत-उतरत होतं आणि मी त्याला हिरड्या बसवत होतो.

आत गेलो नाही. खाली येऊन जिन्यात बसलो. ताप कुठे गेला कळलं नाही. हसत होतो आणि डोळेही पुसत होतो. वरच्या मजल्यावरच्या बाई विचारून गेल्या, "किल्ली हरवली का?" सहाला नेहमीसारखा घरात शिरलो, नेहमीसारखं पाणी मोजलं.

रेघेच्या अगदी जवळ. चोख.

३० एप्रिल

हिला फेब्रुवारीपासून माहीत होतं. बादल्या तिच्या, टायमर तिचा. "घड्याळवाल्याला कळलं, मासेवाल्याला कळलं," ती म्हणाली. "मोजत होतात तुम्ही, आणि कळलं नाही ते तुम्हालाच."

"मला सांगायचं नाही का?"

"त्यांनी शपथ घातली होती. त्याचं झाड आहे, म्हणाले, त्याला वाटू दे त्यानेच जगवलं."



२ मे

उद्या गाडी. संध्याकाळी बाबांनी पलंगाखालची बॅग काढली आणि नेमकी बाहेरच्या खोलीत, सगळ्यांच्या पायात येईल अशी ठेवून भरायला बसले. एक सदरा घडी करायचा, मोडायचा, पुन्हा करायचा. तासाभरात दोन सदरे भरले. हिने बॅग उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हलकी कशी हो एवढी?" बाबा म्हणाले, "माझं आहेच काय?"

जेवताना मी दहा वेळा तोंड उघडलं. "राहा" हा दोन अक्षरांचा शब्द, पण जिभेवर यायलाच तयार नाही. शेवटी पाणी प्यायलो आणि म्हटलं, "बाबा, झाडांची काळजी करू नका. मी वाचलंय की त्यांना भरती-ओहोटी लागते. उद्यापासून मीच करणार. रोज सकाळी आठला पाणी काढायचं आणि संध्याकाळी सहाला भरायचं. रोज, ठरलेल्या वेळी."

बाबांचा घास हातातच राहिला.

"रोज आठला?"

"हो. आठ म्हणजे आठ."

"भरती काय तुझ्या कारखान्याची घंटा आहे? रोज आठला! अरे, चंद्र काय हजेरी लावायला येतो तुझ्याकडे? आठ दिवसांत मारशील तिन्ही!" ताटावरून उठले, कॅलेंडरमागचा कागद ओढून काढला आणि माझ्यापुढे आपटला. "हे बघ! हे असं असतं! आणि बादली रिकामी करायची नाही तोंडावर, मगाचं पाणी कडेने सोडायचं, आणि मीठ... मीठ जिभेवर घेऊन बघायचं, काट्यावर नाही!" बोलता बोलता बिनदातांचे शब्द घसरायला लागले, तसे आणखी चिडले. "ए, माझे दात आण! याला बोलायचं तर दात हवेत!"

ही पेला घेऊन धावली. बाबांनी कवळी बसवली, जबडा दोनदा हलवला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा मी केलेल्या दातांनी मला वीस मिनिटं झोडपलं. एक अक्षर सुटलं नाही. काम फार छान झालंय कवळीचं.

शेवटी पाणी प्यायले आणि म्हणाले, "आठ दिवस थांबतो. तुला शिकवतो आणि जातो."

मी म्हटलं, "आठ दिवसांत येईल का मला?"

"तुला?" बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. "अवघडच आहे."

१२ मे

आठ दिवस परवाच संपले. कालची वेळ मी वीस मिनिटं चुकवली. बाबा म्हणाले, तू निव्वळ दगड आहेस, तुला शिकायला वर्ष लागेल. मी मान खाली घालून म्हटलं, लागेल. दुसऱ्या शेंगेलाही कोंब आला आहे. कवळी डावीकडे टोचते म्हणाले, ती घासून दिली. काल त्यांनी शेंगदाणे खाल्ले.

आज जेवणाच्या सुट्टीत गाडीच्या ऑफिसात गेलो होतो. तीन मेची जागा फुकट गेली, तिचं काही होतं का विचारावं म्हटलं. खिडकीवरच्या माणसाने नोंदी बघितल्या. म्हणाला, "ते तिकीट तर कधीच रद्द झालंय. सतरा एप्रिलला. इथे खिडकीवर येऊन."

मी म्हटलं, तुमचा काहीतरी घोळ झालाय. त्याने पुन्हा बघितलं. सतरा एप्रिलच. कारखान्यात परत न जाता घरी येऊन ही वही उलटी चाळली. सतरा एप्रिल. पाय मोकळे करतो. लाल मग.

म्हणजे पान उलगडल्यावर दोन दिवसांनी या माणसाने तिकीट रद्द केलं, आणि मग पंधरा दिवस वाट बघत बसला. दोन मेला दोन सदरे तासभर घडी करत बसला, मी काही म्हणतो का ते बघत. मी ते दोन अक्षरांचं काही म्हणालो नाही. तरी राहिले.

बाहेर आलो. बाबा स्टुलावर होते. मी जवळ उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, राहा इथेच."

बाबांनी हातातला मग खाली ठेवला नाही. "पाच दहाची भरती आहे," म्हणाले. "पाणी चढत असताना माणूस जातो कुठे? बादली धर."

मी बादली धरली. उद्याची वेळ सहाची आहे. मी सहा वीसला करणार आहे.